चेन्नईच्या स्वयंपाकघरातली मराठी

तंजावरी मराठीविषयी महाराष्ट्रात एक मत फार रुळले आहे. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले, त्यांच्यामागून कारकून, शिलेदार, पुराणिक, शिंपी, आचारी दक्षिणेत उतरले, पिढ्यान्‌पिढ्या तमिळांच्या शेजारात राहिले आणि त्यांची मराठी तमिळने पोखरली, असे ते मत. चेन्नईत मैलापूर, ट्रिप्लिकेन, मांबलम या भागांतली दक्षिणी मराठी कुटुंबे जे बोलतात ते मराठीचे बिघडलेले रूप आहे, असे पुण्या-मुंबईकडचा पाहुणा लग्नाच्या पंगतीतून उठता उठता सांगून जातो. शिकलीसवरलेली माणसेही ते खरे धरून चालतात.

हा पूर्वपक्ष आधी पुऱ्या ताकदीने मांडला पाहिजे. तो म्हणतो: भाषेचा प्राण दरबारी शब्दांत नसतो, चुलीपाशी असतो. राज्य गेले की मुलकी कारभाराचे शब्द जाणारच, १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे वारले आणि तंजावरचे राज्य खालसा झाले तेव्हा ते गेलेच. पण भाजी, झाड, भांडे, वाळवण यांची नावे परकी झाली तर भाषेत उरले काय? चेन्नईच्या मराठी घरात सुंडैकाय (रानवांग्याची बारीक फळे), मणत्तक्काळी, मागाळी, पिरंडै (हाडजोडी), कीरै (पालेभाजी) असे शब्द सर्रास ऐकू येतात. भाषाशास्त्रज्ञही एखाद्या भाषेचे कूळ ठरवताना रोजच्या वापरातला शब्दसंग्रह तपासतात. तेव्हा हा आक्षेप वरवरचा नाही आणि त्याला उत्तर देणे भाग आहे.

पहिली गोष्ट अशी की हे मत ऐकीव आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीतला मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. मराठीच्या बोलींविषयी आपण पुढे जे जे लिहिले त्याचा पाया तोच. पण त्या पाहणीत मद्रास इलाखा धरलेलाच नव्हता. बोलींच्या नकाशात तंजावर, कुंभकोणम, मद्रास कोरे राहिले, कारण सरकारी पाहणीची हद्द अलीकडेच संपत होती. कोऱ्या जागेचा अर्थ पुढच्या लोकांनी ‘इथे दखल घेण्यासारखे काही नाही’ असा लावला. ज्या बोलीची तपासणीच झाली नाही तिच्यावर निकाल मात्र लागला.

आता चुलीपाशी जाऊ. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, मैलापूरच्या कपालीश्वर देवळाजवळ दक्षिण माड रस्त्यावरच्या भाजीवाल्यांकडे मागाळीच्या मुळ्या येतात. बोटाएवढ्या जाड, मातकट, गाठाळ. वास इतका उग्र की नवख्या माणसाला ढेकणांची आठवण व्हावी, आणि ज्याला सवय आहे त्याच्या तोंडाला पाणी सुटावे. ही रानवेल कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूच्या डोंगरांतली, शास्त्रीय नाव डेकालेपिस हॅमिल्टोनी. मुळ्या पाण्यात भिजत घालतात म्हणजे माती सुटते. मग साल खरवडायची, मूळ उभे चिरून आतला लाकडासारखा दोर काढून टाकायचा, राहिलेल्या गराचे बारीक तुकडे करायचे आणि मोहरी, मिरची, मीठ घातलेल्या आंबट ताकात ते मुरवायचे. हे लोणचे दहीभाताबरोबर खातात. महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघराला या मुळीची ओळख नव्हती, म्हणून मराठीत तिला नावही नव्हते. दक्षिणेत आलेल्या मराठी बाईने ती मुळी बाजारातून घेतली आणि बाजारातलेच नाव घेतले. यात बिघडले काय? नव्या मुलखात नवी वनस्पती भेटली की भाषेने एक तर नाव घडवावे, नाही तर शेजाऱ्याकडून घ्यावे. दोन्ही वाटा जगभर सगळ्या भाषांनी चोखाळल्या आहेत.

इथे कोणी म्हणेल, मागाळीचे ठीक आहे, पण मणत्तक्काळीचे काय? ही झुडपी वनस्पती महाराष्ट्रातही उगवते, तिला कामोणी हे चांगले मराठी नाव आहे. असलेले नाव टाकून परके घेणे हा बिघाड नव्हे का? प्रश्न रास्त आहे. कामोणी महाराष्ट्रात मुख्यतः बांधावरची आणि वैदूच्या झोळीतली. तमिळ मुलखात तिच्या पाल्याची भाजी नित्याची, आणि तिची हिरवी फळे मिठाच्या ताकात भिजवून, उन्हात वाळवून, वर्षभर तळून किंवा कुळंबूत, म्हणजे चिंचेच्या कालवणात, घालून खातात. म्हणजे वनस्पती एक असली तरी स्वयंपाकातला जिन्नस नवा होता, आणि जिन्नस आपले नाव घेऊनच घरात येतो. शिवाय असलेले नाव टाकण्याचा दोष धरायचा तर तो आधी पुण्याच्या पदरी घालावा लागेल. विदर्भ-मराठवाड्याने ‘भेदरे’ म्हटले, कुठे ‘बेलवांगी’ म्हटले, आणि प्रमाण मराठीने दोन्ही बाजूला सारून ‘टोमॅटो’ घेतला. त्याआधी पोर्तुगीजांकडून बटाटा, कोबी, अननस, पपई, काजू, पाव घेतले. बटाट्याची भाजी खाताना कोणाला आपली भाषा भ्रष्ट झाली असे वाटत नाही, आणि वाटूही नये. मग चेन्नईच्या घराला वेगळे माप का?

या वेगळ्या मापाच्या मुळाशी एक समजूत आहे: सतराव्या शतकात एक शुद्ध मराठी दक्षिणेत गेली आणि तिथे मळली. तशी शुद्ध मराठी त्या काळी कुठेही नव्हती. याची साक्ष राजव्यवहारकोश देतो. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेवरून, राज्याभिषेकानंतरच्या काळात, फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाला. त्यात कारभाराचे आणि लढाईचे वर्ग आहेत तसा भोग्यवर्गही आहे. खाण्यापिण्याच्या आणि उपभोगाच्या वस्तूंची नावेही त्या वेळी इतकी फार्सी झालेली होती की त्यांच्यासाठी वेगळा वर्ग लागला. आणि हे रघुनाथपंत कोण? व्यंकोजीराजांकडे कारभार पाहून मग महाराजांकडे आलेले. म्हणजे जी मराठी कावेरीकाठी गेली ती फार्सीने भरलेली, कन्नडच्या शेजारात वाढलेली मराठी होती. भोसल्यांचे हे घराणे बंगळुरात राहिलेले, तिथूनच ते तंजावरला गेले. शुद्धतेचा जो आरंभबिंदू धरून घसरण मोजली जाते तो इतिहासात सापडतच नाही.

आणखी मागे गेले तर मराठीच्या अगदी गाभ्यातले शब्द दक्षिणेकडे बोट दाखवतात. कन्नड ‘तुप्प’ आणि आपले तूप, ‘अडके’ कातरणारा अडकित्ता, शिकेकाई, अक्का, अण्णा. फ्रँकलिन साउथवर्थ या अभ्यासकाने १९७१ मध्ये मराठीच्या घडणीतच द्राविड भाषांशी आलेला खोल संबंध दाखवण्याचा प्रयत्न केला. त्याचे सगळे निष्कर्ष मान्य करण्याची गरज नाही, मलाही ते जरा ताणलेले वाटतात. पण ज्या भाषेचे तूप आणि अक्का दक्षिणेशी नाते सांगतात, तिने मागाळीवरून दक्षिणेतल्या बहिणीला बोल लावावा, हे कोणत्याही न्यायात बसत नाही.

आता पूर्वपक्षाच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो: शब्द आले, पण त्यांनी भाषा आतून बदलली का? इथे मोजायचे ते शब्दांचे आकडे नाहीत, शब्दांना मिळणारी वागणूक आहे. तमिळमध्ये निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा भेद नाही, सगळ्या वस्तू ‘अह्रिणै’ या एकाच वर्गात जातात. मराठीत मात्र लिंगावाचून नामाला पाऊल टाकता येत नाही. तो का ती का ते, हे ठरल्याशिवाय विशेषण लागत नाही आणि क्रियापद जुळत नाही. म्हणून तमिळ बाजारातून अलिंगी आलेला शब्द मराठी घराच्या उंबऱ्याशी आला की त्याला लिंग घ्यावे लागते, सामान्यरूप घ्यावे लागते. मागाळीचं लोणचं मुरतं, कीरैची भाजी शिजते. हा नियम तमिळने दिलेला नाही, तो घरातच होता आणि पाहुण्या शब्दाला त्याच्यापुढे मान तुकवावी लागली. भाषा खरोखर कोसळते तेव्हा आधी असे नियम कोसळतात. इथे ते उभे आहेत. वाक्यरचनेत आणि स्वरांच्या हेलात तमिळची छाया आहे, हे मान्य. पण सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू शतकानुशतके एकमेकींच्या अंगणात राहून त्यांच्या वाक्यरचना जवळजवळ एकरूप झाल्याचे गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्येच दाखवून दिले, आणि तरी कुपवाडची मराठी मराठी नव्हे असे कोणी म्हणाले नाही. शब्दांच्या उसनवारीबाबत बाली बेटावरच्या भाषेतही हेच दिसते. तिथे घरगुती बोलण्यातला भात ‘नासी’, आदराने बोलताना तो ‘अजेंगान’ होतो. आदराच्या या थरातले पुष्कळ शब्द जावाच्या भाषेतून आणि संस्कृतातून आले. बालीनीज ही बिघडलेली जावानीज आहे, असे मात्र कोणी म्हणत नाही.

भाषांची सरमिसळ तंजावरच्या राजांना लाजिरवाणी वाटत नव्हती, हेही सांगायला हवे. १६८४ ते १७१२ राज्य केलेल्या शाहजीराजांनी ‘पंचभाषाविलास’ नावाचे नाटकच रचले, ज्यात संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू आणि हिंदी एकाच रंगमंचावर बोलतात. त्याच दरबारात मराठी नाटके लिहिली गेली ती विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या प्रयोगाआधी दीडशे वर्षे. एका हाताने हा मान मिरवायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच लोकांच्या घरगुती भाषेला मोडकी ठरवायचे, हे चालणार नाही. माधवराव तंजावरकर कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मले, त्रावणकोर आणि इंदूर यांचे दिवाण झाले, १८७५ पासून बडोद्याचे राज्य त्यांनी सावरले आणि १८९१ मध्ये मैलापुरात वारले. मराठ्यांचे एक मोठे संस्थान अडचणीत आले तेव्हा ते सावरायला या दक्षिणी मराठी समाजातला माणूस आणावा लागला होता.

देवघेव एकाच दिशेने झाली, हीही चुकीची समजूत आहे. चेन्नईच्या कोणत्याही तमिळ ब्राह्मणाच्या घरी ‘रसवांगी’ होते. चिंचेच्या कोळात वांगी शिजवायची, तूरडाळ घालायची, धणे, हरभऱ्याची डाळ, मिरची, खोबरे भाजून वाटलेला मसाला लावायचा. वांग्याला तमिळमध्ये ‘कत्तरिक्काय’ म्हणतात, ‘वांगी’ हा शब्द तमिळ नव्हे. तो मराठीतून आला आणि पदार्थात इतका मुरला की कोहळ्याचीही ‘पूसणिक्काय रसवांगी’ होते, आणि वांगे नसलेल्या रसवांगीत कोणाला विसंगती दिसत नाही. उडदाचे पीठ दह्यात कालवून केलेली ‘डांगर पच्चडी’ हे आपले उडदाचे डांगर. पुरणपोळी ‘बोळी’ झाली, कारण तमिळ लिपीत प आणि ब यांना एकच अक्षर आहे. कोशिंबीर ‘कोसुमल्ली’ होऊन रामनवमीच्या नैवेद्याला बसते. मद्रास विद्यापीठाने १९२४ ते १९३६ या काळात काढलेल्या मोठ्या तमिळ कोशात मराठीतून आलेल्या शब्दांसाठी स्वतंत्र खूण आहे, आणि कोश चाळताना ती पुन्हा पुन्हा भेटते. हरिकथेतही तेच. मोरगावकर बुवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला येऊन कीर्तने करू लागले, त्यांची धाटणी तंजावर कृष्ण भागवतरांनी उचलली, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावे तमिळ कथाकारांच्या रोजच्या बोलण्यात आली.

इथेच मला दुसऱ्या एका मताचा समाचार घ्यायचा आहे. ते वरवर पाहता तंजावरच्या कौतुकाचे आहे, पण त्याने नुकसान तेवढेच होते. सांबार हे नाव छत्रपती संभाजीमहाराजांवरून पडले, ही ती कथा. शाहजीराजे स्वतः आमटी करत होते, कोकम संपले, कोणीतरी चिंच सुचवली, पाहुणे आलेल्या संभाजीमहाराजांना ती आवडली आणि आमटीचे ‘सांबार’ झाले, अशी ती पाककृतींच्या पुस्तकांतून आणि मोबाइलवरून फिरते. मराठी माणूस ती अभिमानाने सांगतो.

काळ आधी पाहू. शाहजीराजे १६८४ मध्ये गादीवर आले आणि संभाजीमहाराजांना १६८९ च्या आरंभी मोगलांनी पकडले. मधली चार-पाच वर्षे औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून होता, १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा पडले. या धामधुमीत तंजावरला झालेल्या त्या मेजवानीचा समकालीन कागद कथा सांगणाऱ्यांपैकी कोणीही पुढे करत नाही. दुसरे, कोकम. कोकम कोकणचे. देशावरच्या आमटीत चिंच-गूळ पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. बंगळुरात वाढलेल्या आणि कावेरीकाठी स्थायिक झालेल्या घराच्या मुदपाकखान्यात कोकम हे नित्याचे आंबट असावे आणि चिंच हा शोध ठरावा, हे असंभवनीय आहे. चिंच तमिळ मुलखात संघम काळापासून खाल्ली जाते.

तिसरे, आणि निर्णायक, शब्द. ‘संभार’ म्हणजे सामग्री, स्वयंपाकात मसाल्याची सामग्री. विदर्भात आजही कोथिंबिरीला सांबार म्हणतात, नागपूरची सांबारवडी सर्वांना ठाऊक आहे. केरळात आले-मिरची-कढीलिंब घातलेल्या ताकाला ‘संभारम्’ म्हणतात. १५३० च्या सुमाराच्या एका तमिळ शिलालेखात देवाच्या नैवेद्याच्या यादीत तूप, दही, भाज्या यांच्या जोडीला ‘संबारम्’ आहे, म्हणजे संभाजीमहाराजांच्या जन्माआधी सव्वाशे वर्षे. मसाल्याच्या अर्थाचा हा शब्द वऱ्हाडापासून केरळापर्यंत पसरलेला होता. मसाला घातलेल्या आमटीला त्याच्यावरून नाव पडणे अगदी स्वाभाविक आहे, त्यासाठी कोणा राजाची गरज नाही. आमटीसारख्या पदार्थाला ‘सांबार’ हे नाव तंजावरच्या मराठी घरांतून तमिळमध्ये आले असणे शक्य आहे, कदाचित तसेच झाले असेल. पण त्यावरून पदार्थ मराठ्यांनी शोधला असे ठरत नाही. नाव प्रवास करते तेव्हा पदार्थ बरोबर असतोच असे नाही. तमिळ घरातली कारल्याची ‘पिट्लै’ नावाने पिठल्याची बहीण वाटते, पण तिच्यात बेसन नाही, तूरडाळ आणि खोबरे आहे.

तिरस्कार आणि अभिमान अशी ही दोन मते एकाच चुकीतून निघाली आहेत. तंजावरला जे मराठी आहे ते महाराष्ट्राने दिलेले, आणि जे तमिळ आहे तो ऱ्हास, असे दोन्ही धरून चालतात. त्या लोकांनी तिथे स्वतः काही घडवले असेल, हा विचारच दोन्हींत नाही. वस्तुतः घडवल्याचे पुरावे लेखी आहेत. व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ पंडितांनी ‘भोजनकुतूहल’ हा आहारावरचा संस्कृत ग्रंथ लिहिला, आणि प. कृ. गोडे यांनी त्याचा काळ सतराव्या शतकाच्या अखेरीस नेला. १७९८ ते १८३२ राज्य केलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातून ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे मराठी पाकपुस्तक झाले, त्यात इंग्रजी धाटणीचे पदार्थही आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयाने ते छापले आहे. मराठीत पाककृतींची छापील पुस्तके रुळण्याच्या कितीतरी आधी तंजावरला मराठीत पाकशास्त्र लिहिले जात होते.

आपल्या जुन्या कोशकारांना हे कळत होते. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात, १९३२ नंतरच्या त्या प्रचंड कामात, कोकणी, वऱ्हाडी, नागपुरी, गोमंतकी शब्दांना जशा खुणा आहेत तशीच ‘तंजा.’ ही खूण आहे. शब्द तंजावरचा, म्हणून तो मराठीचा, एवढेच ती खूण सांगते. त्या कोशकारांनी टाकलेले पाऊल पुढे न्यायचे तर काम चेन्नईत करावे लागेल. चेन्नईत १९१२ पासून मराठा एज्युकेशन फंडासारखी संस्था या समाजाच्या शिक्षणासाठी उभी आहे. घरातली म्हातारी माणसे अजून बोलतात, पण त्यांच्यातले अनेक जण मराठी लिहितात ते तमिळ लिपीत, आणि नातवंडे तमिळ-इंग्रजीत उत्तर देतात. त्यांच्याकडून लिहून घ्यायचे ते नुसते ‘आमची जुनी गोड मराठी’ म्हणून दाखवण्याजोगे शब्द नव्हेत. सुंडैकाय, पिरंडै, मागाळी यांच्यापुढे त्या घरात लावलेले लिंग, त्यांचे सामान्यरूप, वाळवणाची रीत आणि कोणत्या सणाला काय चालत नाही तेही टिपले पाहिजे, आणि मराठी शब्दकोशाच्या पुढच्या आवृत्तीत ‘तंजा.’ अशी खूण करून ते छापले पाहिजे.